बाई, एक विचारू? : प्यायला की नाही, तेवढं सांगा

मागच्या अंकात ग्रहणात भाजी चिरणाऱ्या गरोदर बाईविषयी लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. गंमत म्हणजे ग्रहणाबद्दल एकातही काही विचारलेलं नाही. जवळजवळ प्रत्येकाचा सूर एकच : आम्हाला पटतं हो बाई, पण घरात बोलायची सोय नाही. म्हणून या खेपेला एकाच माळेतली पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या पत्राला मी जास्त जागा खाल्ली आहे, संपादकांनी सांभाळून घ्यावं.

नाशिकहून एक तरुण वाचक : आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चाळीसेक माणसांचा. स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी थोरल्या काकांनी टाकलं, ‘युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, अभिमान असेल तर पुढे पाठवा.’ मी लिहिलं की ही जुनी अफवा आहे, आणि खुलाशाची बातमीही जोडली. काकांनी विचारलं, “तुला राष्ट्रगीताचा अभिमान आहे की नाही?” मी आणखी एक बातमी टाकली. आत्याने हात जोडले, दोन चुलतभावांनी काकांना अंगठा दिला. त्यातला इंजिनिअर असलेला भाऊ मला मात्र वेगळ्या मेसेजमध्ये म्हणाला, “तुझं बरोबर आहे.” दिवाळीला सगळे भेटणार आहोत. मी आणखी कोणता पुरावा द्यायला हवा होता?

पुरावा भरपूर झाला. युनेस्को राष्ट्रगीतांच्या स्पर्धा भरवत नाही, विषय तिथेच संपतो. तुमचं उत्तर बरोबर होतं, पण पेपर दुसऱ्याच विषयाचा होता. युनेस्कोने काय केलं हे काकांनी विचारलंच नव्हतं. ‘पुढे पाठवा’ या दोन शब्दांत त्यांनी हजेरी घेतली होती. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायचं असतं. तुम्ही उभं राहून हजेरीपटातली चूक दाखवलीत.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, माझीही अशीच फजिती झाली आहे. साताऱ्यात तेहेतीस वर्षं मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपक्ष चालू होता. पहाटे दिल्लीत उठलेली बातमी सकाळच्या दुसऱ्या तासापर्यंत आमच्या शाळेत पोचली, तेही एसटीडी बूथ आणि शेजारच्यांच्या फोनवरून : गणपती दूध पितोय. तिसऱ्या तासाला माझा वर्ग निम्मा रिकामा. शिपाई गेला, त्याला शोधायला कारकून गेले, तेही परत येईनात.

मला चेव चढला. घरी जाऊन एक चमचा, पाव लिटर दूध आणि जिलबीत घालतात त्या केशरी रंगाची पुडी घेतली आणि आमच्या पेठेतल्या गणपतीच्या देवळात गेले. रांग कोपऱ्यावरून वळली होती. सभामंडपात दगडी उंदीर आहे. मी दूध रंगवलं, चमचा काठोकाठ भरला आणि उंदराच्या नाकाला लावला. उंदीर प्यायला. मग खांबाला पाजलं, खांब प्यायला. पायरीच्या कोपऱ्याने तर दोन चमचे घेतले. भरलेल्या चमच्यात दूध काठाच्या किंचित वर फुगून उभं राहतं, त्याला पृष्ठताण म्हणतात. तो फुगवटा दगडाला टेकला की दूध ओढलं जातं आणि दगडाच्या अंगाने पातळ थराने खाली ओघळतं. पांढरं दूध ओल्या मूर्तीवर दिसत नाही, केशरी दिसतं. दिल्लीतही सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून हेच दाखवलं, ते मला मागाहून पेपरात कळलं.

लोकांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हे सांगितलं पाहिजे. साताऱ्यात बाईंना कोणी हूं की चूं करत नाही. एका माजी विद्यार्थ्याने तर मागच्यांना “जरा सरका, बाई प्रयोग दाखवतायत” असंही सांगितलं. प्रयोग संपला. रांगेतली एक भाजीवाली, जिच्याकडून मी वर्षानुवर्षं मेथी घेत आले, अगदी आपुलकीने म्हणाली, “ते समदं खरं बाई. पर तुमच्या हातचं गनपती प्याला का न्हाई, तेवढं सांगा.”

मला उत्तर सुचलं नाही. घरी येताना लक्षात आलं की मूर्ती दूध पिते का, हा प्रश्न त्या दिवशी गावात कोणाला पडलेलाच नव्हता. प्रश्न होता, तुमच्या हातचं प्यायला का. ज्याच्या हातचं पीत नाही त्याचं काहीतरी चुकलेलं, घरात काहीतरी राहिलेलं. मग पंधराशे माणसं रांगेतून बाहेर पडून ‘नाही प्यायला’ म्हणतील कशी? प्रत्येक जण ‘प्यायला’ म्हणत होता, आणि त्यातून पुढच्याची परीक्षा आणखी अवघड होत होती.

आमच्या सासूबाईही तासभर उभ्या राहून आल्या. मी विचारलं. “प्यायला,” म्हणाल्या आणि पाय धुवायला मोरीत गेल्या. सात वर्षांनी, आजारात, एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते तेव्हा एकदम म्हणाल्या, “माझ्या हातचं नव्हतं गं प्यायलं.” सासऱ्यांच्या श्राद्धाची तिथी त्या वर्षी आमच्या घोटाळ्यामुळे चुकली होती. त्यांनी दोन्हीचा संबंध जोडला होता आणि सात वर्षं तो एकटीने वागवला होता. मी विचारलं, “चमच्यात दूध किती घेतलं होतंत?” तर म्हणाल्या, “अर्धा चमचा. उगीच सांडायचं कशाला?” अर्ध्या चमच्याला फुगवटा येत नाही, दूध सोंडेला टेकतच नाही. आमच्या काटकसरी सासूबाईंच्या हातचं गणपती पिणार कसा? अख्ख्या साताऱ्यात माझ्या पृष्ठताणाची खरी गरज ज्या एका बाईला होती ती माझ्याच स्वयंपाकघरात होती, आणि मी उंदराला दूध पाजत बसले होते.

आता तुमच्याकडे. तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य इंजिनिअर भावाचं आहे. चारचौघांत अंगठा आणि खासगीत ‘तुझं बरोबर आहे’. असं दिसलं की ओळखावं, हे मत राहिलेलं नाही, ही ओळखपरेड आहे. साध्या मतावर माणूस सगळीकडे सारखंच बोलतो. आमटीत गूळ घालावा की नाही, यावर तुमचे काका ग्रुपवर एक आणि फोनवर दुसरं बोलणार नाहीत. दुसरी खूण अशी, की ‘कशावरून?’ हा शब्दच ‘नाही’ असा ऐकला जातो. तुम्ही नुसतं ‘कशावरून?’ विचारलं असतंत तरी अभिमानाचा प्रश्न आलाच असता.

दिवाळीला काकांना एकट्याला गाठा. फराळाच्या ताटांभोवती नको, ते अंगणात पेपर वाचत बसतात तेव्हा. बातमी दाखवू नका. एवढंच विचारा, “काका, राष्ट्रगीत आपलं. ते चांगलं आहे हे सांगायला आपल्याला युनेस्को कशाला लागते?” प्रेम एकीकडे आणि दावा दुसरीकडे अशी फाळणी झाली की काकांना दावा सोडूनही घरात राहता येतं. ते कबूल करतील अशी आशा धरू नका. पुढच्या पंधरा ऑगस्टला तो मेसेज आला नाही, तर समजा झालं. आणि त्या इंजिनिअरला सांगा, अंगठा दिला नाहीस तरी चालेल, पण काकांना देऊ नकोस.

कराडहून एक भगिनी : माझं एम.एस्सी. झालंय. सासूबाई प्रेमळ आहेत, पण गौरींच्या तीन दिवसांत माझी पाळी आली की मला बाजूला बसावं लागतं. मी त्यांना शास्त्रीय माहिती दिली, डॉक्टरांचे व्हिडिओ दाखवले. त्या म्हणतात, “मला काही वाटत नाही गं, पण हळदीकुंकवाला जाऊबाई येणार.” आता काय करू?

व्हिडिओ बंद करा. सासूबाईंनी तुम्हाला उत्तर केव्हाच दिलं आहे : जाऊबाई येणार. या परीक्षेत सासूबाई परीक्षक नाहीतच. त्या स्वतःच परीक्षेला बसल्या आहेत, त्यांचा निकाल तुमच्या वागण्यावर लागायचा आहे, आणि तपासणार आहेत जाऊबाई. तुम्ही विद्यार्थिनीलाच प्रश्नपत्रिका चुकीची आहे असं पटवत बसला आहात. तिला ते माहीत आहे हो. तिला पास व्हायचं आहे.

ही चाल मोडली कशी, ते आठवून बघा. माझी मावशी १९६० च्या आसपास गिरगावातल्या चाळीत राहायला गेली. दोन खोल्या, आठ माणसं. बाजूला बसायला बाजू आणायची कुठून? मावशीने कोणाशी वाद घातला नाही, जाहीर काही केलं नाही, नुसतं सांगायचं बंद केलं. कोणी सांगत नाही, तर कोणी विचारतही नाही. गावाकडून तिची सासू आली की ‘हल्ली आमच्याकडे नळाच्या वेळा फार अडचणीच्या आहेत’ असं काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची. नळाचा आणि याचा काय संबंध ते सासूनेही कधी विचारलं नाही. बहुधा तिलाही सुटल्यासारखं वाटत असावं.

तेव्हा यंदा पाळी आहे की नाही, हे घरात जाहीर करायचं थांबवा. ती तुमची खासगी बाब आहे, तिची दवंडी पिटण्याचं बंधन तुमच्यावर नाही. सासूबाईंना कळलंच, तर त्या जाऊबाईंना सांगणार नाहीत, कारण सांगितलं तर त्याच नापास होतील.

माझी नात हे वाचून म्हणाली, “आजी, हे लपवणंच झालं. लपवायचं कशाला, लाज आहे का?” तिचं खरं आहे. तुमच्यात उघड बोलायची ताकद असेल तर उघडच बोला, मी टाळ्या वाजवीन. पण तुम्ही ‘काय करू’ विचारलंत, तेव्हा मावशीने काय केलं ते सांगितलं.

पुण्याहून एक निवृत्त वाचक : पंचवीस वर्षं मी विवेकवादी चळवळीत आहे. चमत्कारांच्या भांडाफोडीचे प्रयोग गावोगाव केले. यंदा आई गेली. तिची इच्छा होती म्हणून मी वर्षश्राद्धाला बसलो. भाच्याने फोटो टाकला. आमच्या मंडळींत तो फिरला आणि पुढच्या बैठकीत एकाने सगळ्यांसमोर विचारलं, “तुमचा पिंडाला कावळा शिवण्यावर विश्वास आहे का, हो की नाही?” मी सांगायला लागलो तर म्हणाले, “हो की नाही?” ज्यांच्याबरोबर मी अंधश्रद्धेविरुद्ध लढलो तेच असं वागावेत?

आधी आईबद्दल वाईट वाटलं, ते सांगते. बाकी तुमच्या मित्रांचं मला आश्चर्य वाटलं नाही. पुण्यात हे नवीन नाही.

ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झालं. पुण्यातली नामवंत मंडळी होती, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि टिळकही होते. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला हातात घेतला आणि नुसताच बाजूला ठेवला. थोड्याच दिवसांत ‘पुणे वैभव’ पत्रात हजर असलेल्यांची नावं छापून आली. हा बनाव घडवून आणणारे होते गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. माणूस विक्षिप्त. सोवळ्याओवळ्याची चाड त्यांना होती असं कोणी म्हणणार नाही. त्यांना सुधारकांची फजिती करायची होती. परीक्षा काढणाऱ्याचा त्या धड्यावर विश्वास असावाच लागतो असं नाही, हे तिथे शिकावं.

मग जे झालं त्याला पुण्यात ग्रामण्य म्हणतात. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, साक्षी झाल्या. ब्राह्मण घरांतून भिक्षुक यायचे थांबले, पंगती फुटल्या, माहेरवाशिणींनी घरी यावं की नाही यावर खल झाले. दीड-दोन वर्षं हे चाललं आणि एवढ्या काळात चहाने माणूस बाटतो कसा, या प्रश्नावर कोणी डोकं शिणवलं नाही. चौकशी एवढीच, की तुम्ही प्यायलात का, आणि प्यायला असाल तर प्रायश्चित्त कोणतं. टिळकांसारखा कायदेपंडितसुद्धा चहा निर्दोष आहे हे सिद्ध करत बसला नाही. मी काशीला प्रायश्चित्त घेतलं आहे, असं त्यांनी सांगितलं. परीक्षा कोणती आहे, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. सनातन्यांना ते पुरेसं वाटलं नाही आणि सुधारकांना ती शरणागती वाटली. रमाबाईंनाही ते रुचलं नव्हतं, त्यांनी आठवणींत तसं लिहून ठेवलं आहे. तुम्ही श्राद्धाला बसलात आणि तुमचं जे झालं, ते त्यांचं झालं. दोन्ही बाजूंना त्यांचं म्हणणं नको होतं, त्यांचा पेला कुठे आहे ते हवं होतं.

आणि तुमच्या मित्रांच्या बाजूची परंपरा तर याहून जुनी आहे. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर अशी तळमळीची माणसं. जातिभेद मोडायचा हा हेतू. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन दाखवायचा. खाल्ला की तुम्ही आमचे. हेतू उलटा, पण रीत तीच. सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा मोडली. पाव खाताना धीट असलेली माणसं यादीपुढे टिकली नाहीत. त्यातल्या मंडळींनी आणि त्यांच्या आप्तांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा केला, तो उघड आणि पाव न खाता. मला तो जास्त शहाणा वाटतो, पण जयकरांना भित्रं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण चहाची कथा आम्ही पुणे-साताऱ्याकडचे लोक फार मिटक्या मारत सांगतो. रानडे-टिळकांना परत यायला दार होतं, त्याचं नाव प्रायश्चित्त. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं पाणी प्यायली. ते तळं नगरपालिकेने तीन वर्षं आधीच सर्वांना खुलं केलं होतं, कागदावर. त्या माणसांना प्रायश्चित्त कोणी विचारलं नाही, त्यांना मारहाण झाली. शुद्धी केली ती तळ्याची. घागरी भरभरून पंचगव्य ओतून. कसोटीला बसायचा हक्क असणं हीसुद्धा एक चैन आहे, हे तुमच्या बैठकीत एकदा बोलून बघा.

राहता राहिला ‘हो की नाही’. हा प्रश्न चारचौघांत आला तर उत्तर देऊ नका. त्या माणसाला चहाला बोलवा (चहालाच) आणि आईचं सांगा. शेवटचे महिने कसे गेले, तिने कधी आणि कोणत्या शब्दांत सांगितलं. कावळा शिवला की नाही, हे त्याने तरीही विचारलंच, तर खुशाल सांगा. खरं काय घडलं ते मलाही कळवा, मला उत्सुकता आहे.

रायगड जिल्ह्यातून एक वाचक : गावकीच्या बैठकीत देवाच्या पालखीच्या वर्गणीचा हिशेब विचारला म्हणून आमच्या घराला वाळीत टाकलंय. दुकानदार माल देत नाही, मयतीला कोणी आलं नाही. कायदा आहे का?

आहे. मी शिक्षिका, वकील नाही, म्हणून थोडक्यात. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. कायदा २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या बैठकीत असा ठराव होतो तिला हजर राहून मदत करणारेही त्यात येतात. तक्रार पोलिसांकडे करता येते, थेट दंडाधिकाऱ्यांकडेही करता येते. दुकानदाराने नकार दिला ती तारीख, वेळ, कोण साक्षीला होतं, हे वहीत लिहायला आजच सुरुवात करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील फुकट मिळू शकतो, तिथे आधी जा.

याआधी मुंबई राज्यात १९४९ चा बहिष्कारबंदीचा एक कायदा होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला. मधली पन्नासहून जास्त वर्षं तुमच्यासारख्यांच्या हातात वेगळं हत्यार नव्हतं. आता आहे, पण खटला जिंकलात म्हणून लोक मयतीला येतील असं नाही. चवदार तळ्याचा ठराव वर लिहिलाच आहे. गावातलं एखादं तरी घर तुमच्याकडे लपूनछपून येत असेल. त्या घराचं नाव कुठेही घेऊ नका आणि त्यांचा हात सोडू नका.

आणि हो, हिशेब विचारायचं थांबवू नका.

सांगलीहून एक वाचक (नाव न छापण्याच्या अटीवर) : बाई, तुम्ही सगळ्यांच्या कसोट्या काढता. तुमची स्वतःची कोणती?

मला वाटलंच होतं हे पत्र येणार.

१९९६ मध्ये आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली. मुलाखतीला मुख्याध्यापक, मी आणि संस्थेचे एक पदाधिकारी. चार उमेदवार. मी प्रत्येकाला ॲसिड पाण्यात घालावं की पाणी ॲसिडमध्ये, हे विचारलं, ते रीतसर होतं. मग, कोणी सांगितलं नसताना, विचारलं, “गेल्या वर्षी गणपती दूध प्यायला का?”

वर्षभर ती भाजीवाली माझ्या डोक्यात बसली होती, दुसरं काय. तीन जण ‘हो’ म्हणाले. त्यातल्या एकाने ॲसिडचं उत्तर चोख दिलं होतं, तरी मी त्याच्या नावापुढे फुली मारली. चौथा मुलगा माणदेशातला, अंगात मोठ्या भावाचा शर्ट. त्याने माझ्याकडे पाहिलं, टेबलावर ठेवलेल्या पृष्ठताणाच्या तक्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “नाही, बाई.” मी खूश. त्याची निवड झाली.

वर्ष-दोन वर्षांनी त्या पदाधिकाऱ्यांशी गप्पा मारताना कळलं की मुलाखतीआधी बाहेरच्या बाकावर त्यांनीही त्याला हेच विचारलं होतं. ते स्वतः देवळात जाऊन दूध पाजून आले होते. तेव्हा तो म्हणाला होता, “प्यायला की, साहेब.” तेही खूश. आम्ही दोघांनी मिळून त्याला पूर्ण गुण दिले होते. पृष्ठताणाबद्दल त्याला काय कळतं, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. ज्याच्यावर मी फुली मारली तो मुलगा कुठे गेला, ते मला माहीत नाही. अधूनमधून आठवतो.

माणदेशी मुलगा सहायक म्हणून उत्तम निघाला. इतक्या वर्षांत एक चंचुपात्र फुटलं, तेही माझ्या हातून. मी निवृत्त झाले त्या दिवशी सामानाची यादी सोपवताना मी त्याला विचारलं, “आता तरी खरं सांग. तुला काय वाटलं होतं, प्यायला होता का?”

तो ब्युरेट पुसत होता. पुसून स्टँडला लावली आणि म्हणाला, “खरं सांगू का बाई, आमच्याकडं त्या दिवशी दूध नव्हतंच. सकाळीच डेअरीला घातलं होतं.”